पुराणातली वांगी

मी बी.कॉम. आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे मी धर्म आणि पुराण अशा भारदस्त विषयावर बोलणार आहे, आणि मध्येच कुणी उठून "तुमचा अधिकार काय?" असं विचारलं की माझी पंचाईत होते. अधिकार काही नाही. यवतमाळच्या एका बँकेत लिपिक आहे. वीसेक वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बसून माझी अशी समजूत झाली आहे की, या जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खात्यात बसतेच. जी बसत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि ऑडिटर येईपर्यंत तिकडे बघायचं नाही. संसारही मी साधारण याच तत्त्वावर चालवत आलो. सासुरवाडीकडची बरीचशी मंडळी माझ्याकडे अजून सस्पेन्समध्येच पडून आहेत.

तर गेल्या जूनमध्ये आमची कन्या नागपूरहून सुटीला आली. ती समाजशास्त्रात एम.ए. करते. येताना तिनं कपडे कमी आणि कागद जास्त आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात असताना तिनं विचारलं, "बाबा, रावेरीची सीता हा धर्म आहे की पुराणकथा?"

पोह्यातली मिरची दाताखाली आल्यासारखं करून मी थोडा वेळ काढला. "कुणी विचारलंय?"

"सरांनी. मी प्रबंध करतेय ना तिच्यावर. ते म्हणाले, आधी हे ठरव. मग कुठल्या प्रकरणात घालायचं ते ठरेल."

हे ऐकून त्या सरांविषयी मला एकदम आपुलकी वाटली. हा माणूस बँकेत असता तर आतापर्यंत शाखाधिकारी झाला असता.

मी तिला म्हटलं, या विषयावर मराठीत मूलभूत संशोधन फार पूर्वीच होऊन गेलेलं आहे. एका गावात एक पुराणिकबुवा होते. चातुर्मासात वांगी खाऊ नयेत, खाल्ली तर काय काय होतं, यावर त्यांनी देवळात तासभर निरूपण केलं. बायका ऐकत होत्या, त्यांत बुवांची बायकोही होती. ती घाबरली. घरी जाऊन तिनं आणलेली सगळी वांगी उकिरड्यावर फेकून दिली. बुवा घामाघूम होऊन घरी आले, पाटावर बसले, पानात बघतात तर वांग्याची भाजी नाही. तेव्हा त्यांनी जे उद्गार काढले ते आजही म्हण म्हणून वापरात आहेत. पुराणातली वांगी पुराणात!

लोक या बुवांना ढोंगी म्हणतात. माझ्या मते तो अन्याय आहे. धर्म आणि पुराण यांची स्वच्छ फारकत करणारे ते महाराष्ट्रातले पहिले विद्वान होत. देवळात सांगतो तो अभ्यासाचा विषय, घरी खातो ती भाजी. गोंधळ घातला तो त्यांच्या बायकोनं. तिनं ऐकलेलं मनावर घेतलं.

कन्येनं हे वहीत लिहून घेतलं नाही. पण "बाबा, तुम्ही समजता तेवढं सोपं नाही ते," असं म्हणून तिनं मला शिकवायला घेतलं. मुलं शिकली की आईबापांचं शिक्षण पुन्हा सुरू होतं, आणि या खेपेला फी भरून वर मारही खावा लागतो.

पहिली भानगड शब्दाची. इंग्रजीत ज्याला मिथ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी पुराणकथा म्हणतात, कुणी दैवतकथा, कुणी हिंदीतून मिथक घेतात, आणि कुणी मिथ्यकथा म्हणतात. या शेवटच्या शब्दात मिथ्या दडलेलं आहे, म्हणजे सुनावणीआधीच निकाल लागलेला. वर्तमानपत्रवाल्यांनीही या शब्दाचे हाल केले आहेत. 'मधुमेहाविषयी दहा मिथके' अशा मथळ्याखाली दहा थापा असतात. पण विद्वानांच्या लेखी मिथ म्हणजे थाप नव्हे. एखाद्या समाजानं पवित्र मानून जपलेली, जग असं का झालं हे सांगणारी गोष्ट, ती मिथ. ती घडली की नाही हा प्रश्न ते बाजूला ठेवतात. आणि धर्म म्हणजे गोष्टीच्या भोवतीचं बाकीचं सगळं: पूजा, व्रत, वारी, सोयरसुतक, देणगीची पावती.

"मग भांडण कशाला?" मी म्हटलं.

"भांडण असं, की आपली ती श्रद्धा आणि दुसऱ्याची ती पुराणकथा, असं सगळेच म्हणतात."

हे मात्र मला पटलं. ग्रीकांचा झ्यूस आकाशातून वीज फेकतो म्हटलं की आपण हसतो. त्याच दिवशी कळंबला जाऊन, इंद्रानं स्थापन केलेल्या चिंतामणीसमोर पायऱ्या उतरून मी खात्याअंतर्गत परीक्षेत पास करण्याची विनंती करतो. इंद्रही विजेच्याच खात्यात नोकरीला होता हे तेव्हा माझ्या लक्षात येत नाही.

कन्येच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर आकडे असतात. मेलविल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८७६ साली काढलेली ही दशांश पद्धत. धर्माला त्यानं दोनशे ते दोनशे नव्व्याण्णव एवढी जागा दिली. त्यातली बहुतेक सगळी ख्रिस्ती धर्माला, आणि उरलेल्या जगातले उरलेले सगळे धर्म मिळून शेवटच्या दहा आकड्यांत, एसटीच्या मागच्या सीटवर बसवल्यासारखे. आपला नंबर २९४.५. तेहेतीस कोटी देवांना दशांशचिन्हापलीकडची जागा! आणि लोककथा म्हणजे ३९८.२, त्या तर धर्माच्या इमारतीतच नाहीत, समाजशास्त्रांच्या आळीत आहेत. आता वाल्मीकीची सीता २९४.५ मध्ये बसते. पण रावेरीची सीता? तिची गोष्ट वाल्मीकीनं लिहिलेली नाही. ती गावानं सांगितलेली, म्हणून ३९८.२. एकाच बाईची दोन कपाटांत दोन खाती. आमच्याकडे असं आढळलं तर आम्ही केवायसी मागतो.

मी माझ्या परीनं कन्येला एक सिद्धांतही दिला. आमच्याकडे खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाला नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. झ्यूसचं खातं असंच निष्क्रिय झालं, म्हणून त्याचं पुराण झालं. ज्याच्या खात्यात रोज नारळ जमा होतो तो धर्म. मला हा सिद्धांत फार आवडला होता. पण कन्येनं तोही टिकू दिला नाही. म्हणाली, आइसलंडमध्ये ओडिन आणि थोर या जुन्या देवांना सोडून लोक इसवी सन हजारच्या सुमारास ख्रिस्ती झाले. आणि १९७३ साली त्याच देवांच्या पूजकांच्या संस्थेला तिथल्या सरकारनं रीतसर धर्म म्हणून मान्यता दिली. म्हणजे साडेनऊशेहून अधिक वर्षांनी खातेदार पासबुक घेऊन हजर! आता यावर व्याज किती होतं याचा मी हिशेब करू लागलो, तेव्हा ती उठून आत्याच्या खोलीत गेली.

आता आत्या.

आत्या माझी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. सतराव्या वर्षी लग्न होऊन वर्धेकडे गेली आणि अठराव्या वर्षी बाळंतपणाला म्हणून माहेरी आली, ती इथेच आहे. न्यायला कुणी आलं नाही. मूल वाचलं नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आमच्या घरात या गोष्टीबद्दल कुणी कधी बोललं नाही, आणि आत्यानंही कधी तक्रार केली नाही. तिनं आजोबांच्या शेतात निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, आम्हां भावंडांना वाढवलं. आम्ही यवतमाळला घर केलं तेव्हा बरोबर आली. येताना एक पितळी डबा घेऊन आली.

त्या डब्यात गहू असतो. दारात कुणीही येवो, वासुदेव, पोतराज, नाहीतर नुसतीच लेकुरवाळी बाई, आत्या त्या डब्यातून पसाभर गहू घालते. पीठ नाही, पैसे नाहीत, ज्वारी नाही. गहूच. हिचं आणि आत्याचं यावरून एकदा-दोनदा वाजलं. हिचं म्हणणं, हल्ली भिकारीसुद्धा गहू नको म्हणतात, मोबाइलवर पैसे मागतात. आत्या म्हणाली, "त्याले नको असन तं नको. मी तं नाई म्हनू नये."

हे रावेरीचं.

रावेरी आमच्याच जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. तिथे सीतेचं जुनं दगडी देऊळ आहे. सीतेचं एकटीचं. राम नाही, लक्ष्मण नाही. गावातली गोष्ट अशी, की रामानं टाकल्यावर गरोदर सीता या रानात आली. इथेच लव-कुश झाले. बाळंतीण भुकेली, तिनं गावात पसाभर गहू मागितला. गावानं दिला नाही. तेव्हा ती म्हणाली, तुमच्या गावात गहू पिकणार नाही. आणि पिढ्यानपिढ्या रावेरीत गहू पिकला नाही असं सांगतात. पुढे सुधारित बियाणं आलं, तेव्हा पिकू लागला. माझे मेहुणे शेतकी खात्यात आहेत, ते जमिनीचं, पाण्याचं आणि थंडीचं कारण देतात. आत्याचं मत निराळं आहे. शाप जुन्या गव्हाला होता, नवा गहू तेव्हा नव्हताच. हे आम्हां बँकवाल्यांना लगेच पटतं. पूर्वीच्या परिपत्रकात नव्या योजनेचा उल्लेख नसेल तर ते तिला लागू होत नाही.

या देवळाच्या जीर्णोद्धाराचं मनावर घेतलं ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. हा माणूस काही देवभोळा म्हणून प्रसिद्ध नव्हता. वाणिज्य शाखेचा पदवीधर (हे सांगताना माझी कॉलर जरा वर होते), स्वित्झर्लंडला जागतिक टपाल संघात नोकरी करून परत आलेला, अर्थशास्त्राच्या भाषेत बोलणारा. १९८९-९०च्या सुमारास त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती' नावाची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावे करून द्यायचा. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला जमीन नाही, घर नाही, आणि गाव पसाभर धान्यही देत नाही, ही गोष्ट त्यांना रावेरीत सापडली. सीता झाली की नाही हा प्रश्न त्यांनी विचारला नसावा. अशा बायका झाल्या, हे त्यांना शेताशेतांत दिसत होतं.

विद्वानांनाही हे ठाऊक असतं. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ सालच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधलं. म्हणून वारी थांबली नाही, आणि वारी चालू राहिली म्हणून ढेऱ्यांचं संशोधन खोटं ठरलं नाही. पण नेहमीच असं सुखासुखी होत नाही. रामकथेची किती रूपं आहेत हे सांगणारा ए. के. रामानुजन यांचा निबंध दिल्ली विद्यापीठानं २०११ साली अभ्यासक्रमातून काढून टाकला. म्हणून कन्येचे सर आधी प्रकरण ठरव म्हणतात त्यात नुसती कारकुनी नसेल, थोडी भीतीही असेल. भीती वाटली की आम्हीही आधी फॉर्म मागतो.

त्या रविवारी आम्ही रावेरीला निघालो. आषाढी आठवड्यावर आली होती. आमची जुनी मारुती गाडी आहे, आणि सीतेच्या शोधाला मारुतीनंच जायचं असतं. मागे आत्या आणि तिच्या मांडीवर पितळी डबा. कन्येनं गाडीतच मुलाखत सुरू केली. तिच्याजवळ छापील प्रश्नावली होती.

"आजी, ही गोष्ट खरीच घडली असं तुला वाटतं का?"

"मले काय माईत? मी काय पाहाले गेली होती?"

"म्हणजे तुझा विश्वास नाही?"

"इस्वास कायले पाह्यजे? गहू तं मांगतला होता ना तिनं."

कन्येनं पेन थांबवलं. दोन चौकोन होते, 'होय' आणि 'नाही'. हे उत्तर दोन्हीत बसेना.

"पण गावानं दिला नाही, हे तरी खरं मानतेस?"

आत्या खिडकीबाहेर बघत होती. पेरण्या चालल्या होत्या. "गाव देतच नसते पोरी," ती म्हणाली. "एकटी बाई, पोटुशी, आन् नवऱ्यानं सोडेल. तिले कोन देते?"

गाडीत कुणी बोललं नाही. आणि मला एकदम शुक्रवार आठवला.

शुक्रवारी काउंटरवर एक बाई आली होती. पंचवीस-सव्वीसची असेल. कडेवर पोर. तिला बियाण्यासाठी पैसे हवे होते. पीककर्जाचं खातं कुणाच्या नावे, मी विचारलं. मालकाच्या. सातबारा? मालकाच्याच. मग मालकांना घेऊन या, सही लागेल. ती म्हणाली, "ते नाई येत साहेब. दोन वर्सं झाले, कामाले जातो म्हनून गेले ते आलेच नाई." नेट संथ चाललं होतं, रांग दारापर्यंत गेली होती, आणि मागच्या कुणीतरी घड्याळाकडे बघून च्यक्‌ केलं. मी म्हणालो, "मग ते आल्यावर या."

यात माझं नियमाप्रमाणे काही चुकलं नाही. दुसऱ्याच्या नावच्या पीककर्जाच्या खात्यातून त्याच्या सहीशिवाय पैसे देता येत नाहीत. नवरा मेलेला असता तर वारसनोंद झाली असती. पण बेपत्ता नवऱ्यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही. बचत गटाच्या कर्जाला सातबारा लागत नाही, गावातल्या एखाद्या चालू गटात शिर, एवढं तरी मी तिला सांगू शकलो असतो. त्यानं तिची या वर्षीची पेरणी कदाचित साधली नसती. पण मी तेही सांगितलं नाही. पुढचा टोकन नंबर पुकारला.

रावेरीला पोचलो. देवळात गर्दी नव्हती. आत्यानं ओंजळ भरून सीतेपुढे गहू ठेवला, हात जोडले, आणि पायरीवर बसली. मला नमस्कार करताना पहिल्यांदाच काय मागावं ते सुचलं नाही. परीक्षेचं तर नाहीच नाही.

कन्या पायरीवर बसून तिच्या एका परदेशी पंडिताविषयी सांगू लागली. मालिनोव्स्की नावाचा हा पोलंडचा गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन लोकांत राहिला. तिथल्या लोकांत एखादं कूळ जमिनीतल्या अमुक बिळातून वर आलं अशा गोष्टी होत्या. आधीचे पंडित म्हणत, ही अडाण्यांची कल्पनाशक्ती. यानं १९२६ साली लिहिलं, की ही नुसती गोष्ट नव्हे, ही सनद आहे. ज्या कुळाचा पूर्वज त्या बिळातून आला त्या कुळाची ती जमीन. गोष्ट म्हणजे हक्काचा कागद.

"म्हणजे सातबारा," मी म्हणालो.

"अगदी तसंच!" कन्या खूश झाली. बापाला प्रथमच काहीतरी समजलं होतं. आणि त्याच उत्साहात तिनं प्रश्नावली पुढे ओढली. "आजी, सातवा प्रश्न. तुझ्या नावे जमीन आहे का?"

आत्यानं तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पत्ता विचारणाऱ्याला जवळचा माणूस दाखवावा तसं.

"याले माईत," ती म्हणाली.

मला माहीत होतं. आजोबा गेले तेव्हा मी नुकताच बँकेत लागलो होतो. घरात कागद समजणारा मी एकटाच. आजोबा तोंडी म्हणत असत, विहिरीकडचे दोन एकर बाईचे. पण तोंडाला सातबारा नसतो. वारसांत तिचं नाव लागणार होतं. वडील म्हणाले, कशाला तिला तहसीलच्या चकरा, आपण काय तिला टाकणार आहोत का? ते मनापासून म्हणाले, आणि त्यांनी तिला टाकलंही नाही. स्टँपपेपर मी आणला. हक्कसोडपत्राचा मजकूर मी लिहिला, माझं अक्षर चांगलं आहे. आत्या चौथी पास. चष्मा पुसत तिनं विचारलं होतं, "सही कुठं करू बाबू?" आणि मी बोट ठेवून दाखवलं होतं.

कन्येनं सातवा चौकोन कोरा ठेवला. तिनं काही विचारलं नाही. समाजशास्त्रात तेवढं शिकवत असावेत.

परतताना राळेगावच्या बाजारात आत्यानं गाडी थांबवायला लावली. कांदेनवमी जवळ आली होती, म्हणून वांगी घ्यायची. चांगली काटेरी देठाची घेतली. एकादशीपासून चार महिने बंद. मी म्हटलं, "आत्या, पुराणातली वांगी पुराणात असतात. मी खाणार." ती म्हणाली, "तू खाय ना. मी कुठं तुले नाई म्हनली?"

रात्री झोप येईना तेव्हा मी पुराणिकबुवांच्या बायकोचा विचार करत होतो. आपण भाषेत किती बेफिकीर असतो. पुराण आपण सांगतो, ऐकतो, लावतो. कंटाळा आला की "काय पुराण लावलंय" असंही म्हणतो. पण धर्म सांगत नाही कुणी दारात. लहानपणी आमच्या गावात सकाळी हाळी यायची, "धर्म कर वं माय!" तेव्हा घरातली बाई उठून कोठीकडे जायची. ती हाळी देणाऱ्याला कुठल्या पंथाची माहिती नको होती. पसाभर धान्य हवं होतं. कन्येच्या सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आत्यानं माझ्या डोळ्यांदेखत गेली कित्येक वर्षं दिलं होतं आणि ते मी घरखर्चाच्या खात्यात मांडत होतो.

सोमवारी लवकर जाऊन मी शुक्रवारची व्हाउचरं काढली. त्या बाईचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? पैसे दिले असते तर नोंद झाली असती. आमच्या संगणकात दिल्याची नोंद असते, घेतल्याची असते, चुकून दिलेल्याची तर तिपटीनं असते. नाही म्हटल्याची नसते. रावेरीनं ती एवढी वर्षं सांभाळली, आणि तीही कागदाशिवाय.

काउंटरच्या काचेवर मी एक पुठ्ठा चिकटवला: 'बचत गटाच्या कर्जासाठी सातबारा लागत नाही. चौकशी करा.' दुपारी साहेब आले. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे कुठल्या सर्क्युलरप्रमाणे?"

"शोधतो साहेब," मी म्हणालो. पुठ्ठा अजून आहे. ती बाई अजून आलेली नाही. तिच्याबरोबरच्या वयाची, कडेवर पोर घेतलेली कुणी रांगेत दिसली की मी आधी मान वर करून बघतो, एवढाच माझ्यात फरक पडला आहे. त्यामुळे काम जरा मागे पडतं.

कन्या नागपूरला परत गेली. तिनं सरांना लिहून दिलं की, दोन्ही प्रकरणांत घालायची परवानगी मिळावी. सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही. ते बहुधा सस्पेन्समध्ये ठेवलं असावं. जाताना प्रश्नावलीचे सगळे कागद तिनं बरोबर नेले, आत्याचा तेवढा माझ्या टेबलावर ठेवून गेली. वर पेपरवेट म्हणून पितळी डब्याचं झाकण.

तो कागद तिथे आठ दिवस होता. नवव्या दिवशी मी वकिलांकडे गेलो. हक्कसोडपत्र जुनं झालं, ते आता उलटं फिरवता येत नाही, पण माझ्या वाट्याला आलेल्यातले दोन एकर मी तिला बक्षीसपत्रानं देऊ शकतो, असं ते म्हणाले. आपलंच आपल्याला बक्षीस द्यायचं, या शब्दावर आत्या काय म्हणेल याची मला धास्ती होती. ती एवढंच म्हणाली, "विहिरीकडचे का?"

बुधवारची रजा टाकली. अर्जात कारण लिहावं लागतं. आधी 'घरगुती' लिहिलं, मग ते खोडून 'धार्मिक कार्य' लिहिलं. साहेबांनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला.

"धार्मिक कार्य? कुठे?"

"राळेगावला, साहेब."

"देवळात?"

"नाही. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात."

साहेबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग अर्जावर सही केली आणि म्हणाले, "जाताना तो पुठ्ठा जरा सरळ लाव. वाकडा झालाय."